झूल

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. नोकरीचा विषय निघाला की चष्मा पुसायचो, नाहीतर चहा मागायचो. बायकोला सांगेन सांगेन म्हणत राहिलो आणि ती गेली.

मी इथल्या तुरुंगात शिवणकामाचा मास्तर होतो. बाहेरून मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई यायच्या. आत आल्यावर काही माणसांची जगण्याची इच्छाच सरते. अशांसाठी सहजी न फाटणारा, नाडी-गुंडी नसलेला जाड अंगरखा आणि तशीच दुलई त्यांना हवी होती. "मास्तर, ही शिक्षा नव्हे, सांभाळणं आहे," त्या म्हणाल्या. "माणसाला लाज वाटता कामा नये."

मी जीव ओतून शिवलं. पण पहिला अंगरखा टेबलावर पसरला आणि माझी जीभ घसरली. "झाली झूल तयार. आता शिंगं रंगवा, की निघाला पोळ्याला." तुरुंगाच्या शिवणखान्यातले सगळे हसले. मलाही बरं वाटलं. आठवडाभरात तो शब्द प्रत्येक बराकीत पोचला. कुणी अंगरख्याला अंगरखा म्हणेना.

पुढे सोयगावकडचा एक मेंढपाळ तरुण आला. खटला उभा राहायचा होता. तो जेवेना, बोलेना. डॉक्टरीणबाईंनी त्याला तो अंगरखा द्यायला लावला. दोन आठवड्यांनी तो भाकरी मागून खाऊ लागला. म्हणजे कपड्यानं आपलं काम केलं होतं.

त्याचा बाप पहिल्या एसटीनं भेटीला आला. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी. त्या दिवशी कारकून रजेवर, म्हणून भेटीच्या नोंदवहीवर मीच बसलो होतो. आत निरोप पाठवला. मुलगा येईना, तेव्हा मी स्वतः गेलो.

"मास्तर, झूल घालून बापाम्होरं जाऊ व्हय?" तो म्हणाला. "बैल हाय का मी? साधा सदरा द्या, येतो."

साधा सदरा माझ्या कपाटात होता. बाई दुपारी येणार होत्या. त्यांना विचारून, शिपाई जवळ बसवून अर्धा तास तो देता आला असता. बापाला थांबा म्हणायचं, एवढंच. पण बाईंसमोर तो शब्द निघाला असता, आणि तो कुणाचा हेही. मी नोंदवहीत लिहिलं : 'बंद्याने स्वतःहून भेट नाकारली.'

म्हातारा दाराशी उभाच होता. "काय म्हनला पोरगा?"

"नको म्हणाला."

"माझ्यावर रागात हाय व्हय?"

मी मान खाली घातली. त्यानं तिचा अर्थ होकार असा घेतला. घोंगडी आत देता येत नाही म्हटल्यावर ती झटकून पुन्हा खांद्यावर टाकली. "ऱ्हाऊ द्या. आत थंडी नाय ना, मास्तर?" एवढं विचारून तो गेला. पुन्हा आला नाही.

आता मी बजाजनगरात मुलाकडे राहतो. गेल्या वर्षी भाजीबाजारात कुणीतरी मागून पिशवी धरली. तोच, त्या म्हाताऱ्याचा मुलगा. निर्दोष सुटला होता, एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. अंगात इस्त्रीचा गणवेश.

"मास्तर, वळखलं का? तुमचे टाके लई मजबूत. एक बी उसवला नाय, बगा," तो हसला. मग म्हणाला, "म्हातारा गेला. मी आतच होतो तवा. आई सांगती, शेवटपत्तुर एकच इचारायचा, पोरगा माझ्यावर कशापाई रुसलाय म्हून."

मी चष्मा पुसत राहिलो. त्यानं माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली, वर "जपून जा" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी बाजारात गेलो, नंतरही बऱ्याचदा. तो दिसला नाही. कुठल्या कारखान्यावर आहे, तेही मी विचारलं नव्हतं.

बाबा रे, तू भेट नाकारली नव्हतीस. सदरा मागितला होतास. तो मी दिला नाही, आणि झूल हा शब्दही माझाच. तुझा बाप विचारत होता तेव्हा नुसतं 'नाही, रागात नाही' एवढं म्हणायचं होतं. मला माफ कर.