लोबोसरांची खरी चूक

हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना शिक्षक म्हणून तयार करणं, हे वेंगुर्ल्याच्या साल्वादोर लोबोंचं काम. त्यातलं निम्मं निव्वळ सोंग. होऊ घातलेला शिक्षक डावीकडे बसायचा आणि साठी ओलांडलेले लोबोसर उजवीकडे नवशिके होऊन मुद्दाम घोळ घालायचे. कधी भलत्याच वेगाने खाली यायचे, कधी शेपूट झाडांकडे वळवायचे. शिक्षकाने चूक होऊ द्यायची, पण अंगाशी येऊ द्यायची नाही. हात घाईने घातला तर शिष्य शिकत नाही आणि उशिरा घातला तर शिकायला कुणी उरत नाही. सर हे बावळटपण इतकं बेमालूम वठवत, की बायको इमेल्डा चिडवायची, "तुमका खरोखर येता मां चलवूक?"

त्या सकाळी डावीकडे तेजस्वी होती, कणकवलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आज तिची अखेरची परीक्षा. पहिल्या दोन चुका सरांनी ठरवून केल्या आणि तिने त्या नेमक्या वेळी धरल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. नीट उतरायचं, एवढंच मनात होतं. जमीन अजून बरीच खाली आहे अशा समजुतीत ते सरळ खाली येत राहिले.

"कंट्रोल माझ्याकडे!" तेजस्वी ओरडली आणि तिने हेलिकॉप्टर वर उचललं. सरांनी कंट्रोल सोडून दिले.

उतरल्यावर दोघं बाकावर टेकली. ती खुशीत होती. "सर, शेवटची चूक कसली झकास केलीत! माका एकदम खरी वाटली."

लोबोसर हसले. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? आणखी दोन-तीन वर्षं उडता आलं असतं. उडणं सुटल्यावर जगायचं कसं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पण उद्या डावीकडे हिच्याइतकं तयार माणूस नसलं तर? त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती.

"तेजस्वी, ता सोंग नव्हता गो. माका जमीन दिसाकच नाय."

तिचं हसू मावळलं.

"तू पास झालंस," ते म्हणाले. "आता माझ्यावांगडा ऑफिसात चल. साहेबांका सांगूचा आसा. माझ्या एकट्याच्यान जमाचा नाय."

तिने होकारार्थी मान डोलावली. मग उठून तिने त्यांच्यापुढे हात धरला.