कडजाईनं परत दिलेला शब्द

ओजसच्या शाळेतून तो कागद आला, त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला नाही. देवघर म्हणजे तरी काय, आयर्लंडमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या कपाटाचा वरचा कप्पा. त्यात माहेराहून, मावळातल्या इंदुरीहून आणलेला ग्रामदेवी कडजाईचा फोटो आणि एक निरांजन. पण लग्न होऊन इथं आल्यापासून सहा वर्षांत त्या दिव्याला खाडा नव्हता. त्या दिवशी मात्र मी फोटोकडे बघून सरळ म्हटलं, "तुला दिसतच नसेल तर मी तरी कशाला लावू?" आणि कप्प्याचं दार लावून घेतलं. चिडले की मी देवीलाही सोडत नाही, हा माझा जुना स्वभाव.

कागदात लिहिलं होतं की साडेचार वर्षांचा झाला तरी ओजस बोलत नाही. काहीही विचारलं की त्याच्या तोंडून एकच शब्द येतो, 'व्हाय?' दूध हवंय का? व्हाय? बाहेर खेळायला जायचं का? व्हाय? विचारलेलं त्याला समजत नसावं, तेव्हा नाताळच्या सुट्टीनंतर नीट तपासणी करू आणि गरज वाटली तर त्याला वेगळ्या वर्गात बसवू. वर्गाच्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी हे सगळं मला समोर बसवून, हातात चहाचा कप देऊन सांगितलं. काही दिवस घरात एकच भाषा बोलून बघा, असंही सुचवलं. मी "हो हो" करत राहिले आणि बाहेर पडून बसस्टॉपवर ढसाढसा रडले.

मग आमच्या घरात इंग्रजी सुरू झालं. माझा नवरा समीर नाशिकचा, इथं औषधाच्या कारखान्यात पाळीवर जातो. आम्हा दोघांचं इंग्रजी कामापुरतं चांगलं, पण लेकराला घास भरवायला ते काही पुरत नाही हो. मी विचारायचे, "डू यू वॉन्ट मिल्क?" ओजस "व्हाय?" म्हणाला की मी खाली बसून समजावायला लागायचे, दुधानं हाडं कशी बळकट होतात, दात कसे चांगले राहतात. माझं व्याख्यान संपेपर्यंत दूध गार व्हायचं आणि पोरगं भोकाड पसरायचं. कपाळ माझं! समीर म्हणायचा, "चौकस आहे गं, शास्त्रज्ञ होईल." मी त्याच्यावरही खेकसायचे.

आणखी एक गोष्ट मी केली, ती सांगायला आजही जीभ अडखळते. मी आबांचे फोन बंद केले. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून इंदुरीच्या घरात ते आणि त्यांच्या दोन गाई. आमची दुपार म्हणजे त्यांची दिवेलागण. ओजस शाळेतून आला की आबांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून कामाला लागायचे आणि आजा-नातवाचं काहीबाही चालायचं. गाय दाखव, चारा दाखव. ते काय बोलतात इकडं माझं लक्ष नसायचं. कागद आल्यावर मी आबांना सांगितलं, "सध्या इथं नेट नीट नाही." आबा एवढंच म्हणाले, "बरं. पोराला जप."

पण खरं सांगायचं तर निमित्त शाळेचं होतं, लाज जुनी होती. इथली मराठी मंडळी जेवायला जमली आणि आबांचा फोन आला, तर मी तो आतल्या खोलीत न्यायचे. पुण्याला कॉलेजात असताना खोलीतल्या मुली माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. 'लय', 'हितं', 'तितं', 'न्हाई', एकेक शब्द उच्चारून पोट धरून हसायच्या. सहा महिन्यांत मी ते सगळे शब्द तोंडातून घासूनपुसून काढले. "तू मावळातली वाटत नाहीस" असं कुणी म्हटलं की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. आबांचं बोलणं लोकांनी ऐकलं तर ते बक्षीस परत द्यावं लागेल, अशी भीती होती मला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही इंदुरीला गेलो. मावळात तेव्हा सकाळी चांगलाच गारठा होता. अंगणात इंद्रायणी भाताच्या पेंढ्याचा ढीग, आणि त्यावर ओजस पहिल्याच दिवशी जाऊन लोळला. रात्री मी आबांना शाळेचं सगळं सांगितलं. पोराला समजत नाही, ते बोलत नाही, वेगळ्या वर्गात घालणार आहेत, एवढंच. ते कोणता शब्द म्हणतं, हे सांगायचं राहून गेलं. आबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "उद्या कडजाईला कौल लावू. आपुन इचारायचं, पुढचं तिनं बघायचं."

माझा विश्वास उरला नव्हता, पण आबांचं मन मोडवेना. गावच्या जुन्या किल्ल्यात कडजाईचं देऊळ आहे, तिथं आम्ही सकाळीच गेलो. खाली नदीवर धुकं होतं. गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल ठेवलं. उजवं पडलं तर देवी हो म्हणते, डावं पडलं तर नाही. आबांनी टोपी काढली, हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "आई, माज्या नातवाला वाचा देशील का?" मी डोळे मिटले. काय मागावं तेही सुचेना. मनातल्या मनात एवढंच म्हटलं, बाई, आता माझ्या हातात काही नाही. मी दमले. तुझं तू बघ.

फूल हललं नाही. आम्ही उभे होतो आणि दोन्ही फुलं जागच्या जागी होती. आणि तेवढ्यात पाठीमागून, देवळाच्या ओट्यावरून, ओजसचा खणखणीत आवाज आला.

"व्हय!"

इथंही तेच, देवीच्या दारातही 'व्हाय'! मी त्याला गप्प करायला वळले. ओट्यावर उन्हाला एक म्हातारी बसली होती. शेजारच्या जांबवडे गावची होती, हे नंतर कळलं. पदरात बोरं घेऊन निवडत होती. ओजस तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

"आनि बोरं खातू का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"हे किडकं देऊ का?"

"न्हाई."

"लबाडा! ग्वाड पायजे व्हय तुला? मंग आबाचा का तू?"

"व्हय," ओजस म्हणाला आणि बोटानं आबांकडं दाखवून पुढं म्हणाला, "माजा आबा हाय त्यो."

अगं बाई, 'व्हाय' नव्हतंच ते! माझं लेकरू वर्षभर 'व्हय' म्हणत होतं. दूध हवंय का? व्हय. खेळायचंय का? व्हय. त्याला प्रश्न कळत होता, तो उत्तर देत होता, अगदी बरोबर उत्तर देत होता. कळत नव्हतं ते मला. सगळ्या घरात तो शब्द ओळखू शकणारी मी एकटी होते आणि मीच तो कानाआड केला होता. बाईंनी 'व्हाय' लिहिलं म्हणून मीही 'व्हाय'च ऐकत राहिले.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. "आगं, म्याच शिकावलंय त्येला," ते म्हणाले. "फोनवर गाय दावायचो, 'बघितली का? व्हय म्हन.' लय गुनाचं पोर, लगीच म्हनायचं." मी त्यांच्या पाया पडले आणि फोन का बंद केले होते ते खरं खरं सांगितलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या म्हातारीला हाक मारली, "मावशे, दोन बोरं हिलाबी दे." फुलं पुढं कुठल्या बाजूला पडली, ते मी पाहिलं नाही. मला बघावंसं वाटलंच नाही.

परत आल्यावर मी बाईंना जाऊन सांगितलं, ओजस 'का' विचारत नाही, 'हो' म्हणतो, माझ्या वडिलांच्या भाषेत. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग तो शब्द माझ्याकडून चारदा म्हणवून घेतला आणि तपासणीच्या दिवशी तो ध्यानात ठेवून पुन्हा सगळं विचारलं. ओजसला वर्ग बदलावा लागला नाही. अजून तो हळू बोलतो, आठवड्यातून एकदा त्याला वेगळं शिकवतात, ते चालूच आहे. पण आता तो तीन-चार शब्द जोडतो, इंग्रजीत आणि मावळीत. शाळेत हजेरीला त्याचं नाव घेतलं की तो हात वर करून "व्हय" म्हणतो म्हणे. बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझी मान अशी काही ताठ झाली की समीर म्हणाला, "पुरे, अवघडेल."

कपाटाच्या कप्प्यात दिवा पुन्हा लागतो. मी देवीकडे लेकरासाठी वाचा मागायला गेले होते. ती तर त्याला कधीच दिलेली होती. कान माझे बंद होते, ते तिनं उघडले. हा चमत्कार का योगायोग, यावर मी कुणाशी भांडत बसत नाही. त्या सकाळी मी हात टेकले नसते, तर मागं वळून ऐकलंच नसतं, एवढं मला माहीत आहे.

मागच्या रविवारी घरी मराठी मंडळी जेवायला आली होती, बारा-पंधरा जण. भरल्या घरात आबांचा फोन आला. मी उठले नाही. फोन स्पीकरवर टाकून ताटांच्या मधोमध ठेवला. आबांचा आवाज घरभर घुमला, "काय गं, लय मान्सं दिसत्यात! जेवली का समदी? आनि काय गं, कडजाईनं आपलं ऐकलं म्हनायचं का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"व्हय आबा," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. "ऐकलं."