नाकावरचा नमुना

गजेंद्रभाऊंनी एकतीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीत, कोचिंग क्लासच्या गल्लीत, पुरुषांसाठी फेसवॉश, क्रीम आणि दाढीच्या सामानाचं दुकान टाकलं. दोन्ही कामांत फरक काय, असं मी शेजारधर्मानं विचारलं. म्हणाले, "काई नाई. तिकडं माती बोलत नोती, इकडं गिऱ्हाईक बोलते. तेवढाच तरास."

एखादा पोरगा "तो जाहिरातीतला काळा फेसवॉश द्या" म्हणाला की भाऊ त्याला आधी स्टुलावर बसवत. साध्या पाण्यानं तोंड धुवायला लावत, काही लावू न देता तासभर थांबवत, मग कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर टिश्यू पेपर दाबून उजेडात धरत. निकाल मात्र मातीचा. सगळे कागद तेलकट निघाले तर काळी भारी. सगळे कोरडे आणि कातडी ओढलेली, तर बरड. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, तर मिश्र. काहीही लावलं की लाल होऊन चुरचुरणारा चेहरा म्हणजे खारपाण, खाऱ्या पाण्याची जमीन. त्याला बिनवासाच्या साध्या क्रीमशिवाय काही विकायला ते साफ नकार देत. माझं थोबाड त्यांनी बरड ठरवलं. वर म्हणाले, "याच्यात पीक येत नाई, नुसती ओल टिकवा." आमची बायको आठवडाभर हसत होती.

माणूस ज्ञानी, पण मानी. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकला नव्हता.

भाऊंना मूलबाळ नाही. सगळा जीव पुतण्यावर. हा अंकुर परतवाड्याकडे संत्र्याचा बगीचा सांभाळतो. पोरगा सोन्यासारखा, पण शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी द्यायला कोण तयार? तीन स्थळं हातची गेली. चौथं अकोल्याचं, रागिणी, शाळेत विज्ञान शिकवणारी. अंकुरला ती मनापासून आवडली होती. आता रविवारी ती आईवडिलांसोबत भाऊंच्या घरी येणार होती आणि शेवटचा शब्द देणार होती.

त्याच्या आठ दिवस आधी अंकुर दुकानात आला. मे महिन्याच्या भर दुपारी, परतवाड्याहून मोटरसायकलवर, वाटेत दोन आलूबोंडे हाणून. "काका, चेहऱ्याचं काईतरी करा ना."

भाऊंना एवढा आनंद झाला की तोंड धुणं नाही, तासभर थांबणं नाही. एकच कागद घेतला आणि नाकावर दाबला. त्यातून आरपार दिसायला लागलं. "काळी भारी!" भाऊ गरजले, आणि दुकानातला सगळ्यात कडक फेसवॉश दिवसातून तीनदा, वर झोंबणारं आफ्टरशेव्ह, असा डोस दिला. अख्ख्या शेताचा नमुना म्हणून नुसती बांधावरची माती आणणाऱ्या शेतकऱ्याला पिशवीसकट परत पाठवणारा हा माणूस! घरचं लगीन निघालं की शहाण्याचीही मती फिरते.

रविवारी शेजारी म्हणून मलाही बैठकीला बोलावलं होतं. अंकुरच्या गालांचे पापुद्रे निघत होते. हसला की कातडी तडकायची. त्याच्या आईनं, साधनावहिनींनी, वरून पावडर थापली होती. त्यामुळे तो अर्धवट चुना मारलेल्या भिंतीसारखा दिसत होता.

रागिणीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. हळूच विचारलं, "पोराले काई बिमारी गिमारी तं नाई ना?"

वहिनींचा चेहरा उतरला. ऊन लागलं म्हणून सांगितलं असतं तर खपून गेलं असतं. मला वाटलं, भाऊ तेच सांगतील. पण ते उठून उभे राहिले.

"बिमारी नाई. चूक माही हाय. नाकाचा कागद पाहून मी अख्ख्या तोंडाले दवाई देली. गाल बरड हायत त्याचे. पोरात काई खोट नाई." मला त्यांची फार दया आली.

रागिणीनं अंकुरकडे पाहिलं. "तुमाले जळून नोतं राहिलं का?"

"जळून राहिलं होतं."

"मंग थांबले कावून नाई?"

"काकाले वाईट वाटलं असतं."

तिनं ओठ दाबले, पण हसू दिसायचं ते दिसलंच. मग भाऊंना विचारलं, "काका, आता काय लावाचं?"

"साधं पाणी. अन् दिवसातून दोनदा साधी क्रीम. आठ दिवसांनी मी पुन्हा नीट तपासतो."

"नाई. तपासाले मी हाय ना आता. यायच्या तोंडाले तुमी हात लावाचा नाई."

तिच्या आईनं चटकन डोक्यावर पदर सारखा केला. वहिनी साखर आणायला पळाल्या. भाऊंना मात्र वाटलं, पोरगी आपल्यावर भडकली. मान खाली घालून ते म्हणत राहिले, "नाई लावत बाई, नाई लावत."

मी त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो भाऊ, पोरगी हो म्हणून राहिली!"

भाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अंकुरकडे, आणि भर बैठकीत लेकरासारखे हमसून हमसून रडले.