मागच्या काचेतला टँकर

आई पळसदरीच्या घरी ओट्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. खोपोलीच्या दवाखान्यातून तिला पनवेलला न्यायला सांगितलं. मी कर्जतच्या कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवते. सकाळचे तास उरकून तशीच धावत आले होते. अंगात त्राण नव्हतं. दोन्ही भावांना फोन केले. दोघेही कामावर अडकलेले.

अँब्युलन्समध्ये आईचं डोकं ड्रायव्हरच्या बाजूला, पाय दाराकडे. तिला दिसायची ती फक्त मागची काच. शिळफाटा सोडला आणि ती घाबरायला लागली. आमच्या मागं दुधाचा टँकर होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की टँकर अंगावर येतोय असं तिला वाटे. गाडी जोरात निघाली की टँकर मागं पडे आणि आपणच खाली पडतोय असं वाटे. दोनदा ओकली. प्रत्येक हिसक्याला खुबा दुखायचा तो वेगळाच.

वर्गात मी हेच तर शिकवते. दोन गाड्यांचा वेग सारखा असेल तर एकीतून दुसरी उभी दिसते. एकीनं वेग जरा कमी-जास्त केला की ते मोडलं. फळ्यावर दोन बाणांत उरकतं. मी पुढच्या खिडकीतून ड्रायव्हरला विनवलं, की ओव्हरटेक करू नका, मागच्या टँकरला धरून एका चालीनं चला. उशीर होईल, तो म्हणाला. होऊ द्या, मी म्हटलं. मग नाइलाजानं, आरशात बघत, त्यानं चाल जुळवून घेतली.

टँकर काचेत थांबल्यासारखा झाला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"आपलीच माणसं हायत का गं मागं?"

फिजिक्स सांगायचं की भावांचं? मला दोन्ही नको झालं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मंग बरं हाय."

तिनं डोळे मिटले. पुढे टँकर कुठल्याशा फाट्याला वळून गेला, तेव्हा ती झोपलेली होती.

ऑपरेशन नीट झालं. भाऊ रविवारी आले. तिनं त्यांना काही विचारलं नाही, मीही नाही.

आता ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. परतताना दम लागतो, मग दारातल्या खुर्चीवर टेकते. मीही शेजारी बसून घेते. चहा टाकायला हवा असतो, पण उठायचं जिवावर येतं.