भरून येणे

नागपुरातल्या जेवढ्या टेबलांखाली आमचे सर रांगून आले आहेत, तेवढ्या टेबलांवर एखाद्या मोठ्या साहेबानेही सह्या केल्या नसतील. सर आम्हाला फिजिओथेरपी शिकवतात आणि आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला सोबत घेऊन कचेऱ्यांमध्ये जातात. दिवसभर खुर्चीत बसून ज्यांची मान, कंबर, मनगट धरते, त्यांची बसण्याची पद्धत तपासायची आणि टेबल-खुर्ची सुधारून द्यायची, हे आमचे काम. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी आणि डोक्याला उन्हाचा पांढरा दुपट्टा, अशा अवतारात सर आत शिरले की निम्मी कचेरी त्यांना शिंपीच समजते. एका हेडक्लार्कने तर विचारले होते, "दोन सफारी शिवायचे आहेत, दिवाळीच्या आत होतील का?" सरांनी शांतपणे त्याच्या खांद्यांचे माप घेतले आणि म्हणाले, "होतील, पण उजवी बाही आखूड लागेल. फोन कानाशी दाबून दाबून हा खांदा तुम्ही दोन बोटं वर नेऊन ठेवला आहे."

सर स्वतः खुर्चीत बसत नाहीत. "खुर्ची माणसाला पोसते, पण जपत नाही," असे म्हणून ते खिडकीशी उभे राहून पेपर तपासतात, उभे राहूनच चहा पितात. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. पाठ मात्र ते जन्मात विसरत नाहीत. समोरून आलेल्या जुन्या मित्राला "आपण कोण?" विचारतील, आणि तो रागावून वळला की मागून नावाने हाक मारतील. कुणी वाकून बसलेले दिसले की ते एकच शब्द उच्चारतात, "पाठ." वर्गात, वाचनालयात, सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यालासुद्धा. पुतण्याच्या लग्नात आहेर देताना ते नवरदेवाच्या कानात "पाठ" म्हणाले, आणि त्या फोटोत नवरा, नवरी आणि मागचे भटजी झेंडावंदनाला उभे असल्यासारखे दिसतात. संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून ते त्याखाली जुन्या फायली रचतात. वीस वर्षे कुणी न उघडलेल्या फायली त्यामुळे पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडतात.

मी उमरेडची. घरी हातमाग. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात तोंड उघडण्याआधी "मले" निघणार की "मला", याची मी मनात तालीम करायचे. सर आम्हा सगळ्यांना डॉक्टरच म्हणतात. एकदा मी अशीच अडखळले तेव्हा म्हणाले, "बोला डॉक्टर, व्याकरणाची तपासणी आपल्या विभागात होत नाही." तरीही माझी भीती पूर्ण गेली नाही, आणि तिच्यामुळेच ती चूक झाली.

एका कचेरीत जुन्या नोंदी संगणकावर चढवणाऱ्या एक बाई होत्या, कंत्राटावर. त्यांचा वेग निम्म्यावर आला होता. साहेबांचे म्हणणे होते की बाई कामचुकार झाल्या आहेत. तपासणीत काही निघाले नाही तर महिनाअखेरीस त्यांना कमी करायचे. फॉर्म भरायला सरांनी मला बसवले. त्यावर छापले होते : दुखते का? हो / नाही. मी विचारले तर बाई म्हणाल्या, "दुखत नाही वं पोरी. सांजच्याले हात भरून येते फक्त." भरून येण्याला फॉर्मवर जागा नव्हती. हा आपल्याकडचा गावठी शब्द, असे समजून मी "नाही"वर खूण केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

खाली स्कूटरपाशी सर थांबले. "डॉक्टर, बाईंनी आपल्याला चहा कोणत्या हातानं दिला?"

मी आठवून सांगितले, "डाव्या."

"पाहुण्याला डाव्या हातानं चहा देणारी बाई पाहिली का कधी? काय म्हणाल्या त्या?"

मी शब्द सांगितला. "भरून येते म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"म्हणजे सर, आमच्याकडे अंथरुणाला खिळवते ते दुखणं. त्याच्या अलीकडचं सगळं भरून येणं. बाबांचा हात भरून आला की घास तोंडापर्यंत जात नाही." मी हे अगदी सहज सांगितले. सरांनी स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली आणि जिना चढू लागले.

वर सर आधी बाईंशी बोलले, मग साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तासाभरापूर्वी दुखत नव्हतं, आता दुखायला लागलं काय?"

"दीड वर्षापासून आहे. आम्ही आता विचारलं," सर म्हणाले. "प्रश्न माझा चुकला. कागद परत द्या." माझे नाव त्यांनी काढलेच नाही. मग ते टेबलाखाली शिरले. कळफलक इतका उंच होता की बाईंचे कोपर दिवसभर अधांतरी राहत होते. सरांनी सुताराकडून खाली सरकती फळी लावून घेतली, व्यायाम दिले, आणि नव्या कागदावर दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. मुदत संपली तेव्हा बाई आपल्या जागी होत्या. त्या दिवशी त्यांनी चहा उजव्या हाताने दिला, आणि सरांनी तो चक्क खुर्चीत बसून प्यायला.

त्यानंतर सर म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बाबांचा माग पाहायचा आहे."

रविवारी आम्ही एसटीने उमरेडला गेलो. आमचा माग खड्ड्याचा; विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. सर मोजपट्टीसकट खड्ड्यात उतरले आणि त्यांना वर येता येईना. "मास्तर, आधी गुडघा टेकवा, मंग कंबर उचला," म्हणून बाबांनी त्यांना बाहेर काढले. बाबा मागावर बसताच सर सवयीने "पाठ" म्हणाले. बाबा हसले आणि ताण्यातून इकडून तिकडे धागा नेणाऱ्या धोट्याकडे बोट दाखवत म्हणाले, "पाठ ताठ केली तं धोटा कोण पाहीन जी?"

आईने चहा केला. बाबांनी सरांपुढे कप धरला. डाव्या हाताने. हे मी घरी रोज पाहत आले होते. सरांनी कप दोन्ही हातांनी घेतला आणि आमच्याच बोलीत हळूच विचारले, "हात भरून येते काय जी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग मागाकडे. "येते ना. ही बारावीले होती तवापासून. दुखणं काही नाही पण."

बारावीला मला नागपूरच्या क्लासला घातले, त्या वर्षी बाबांनी जास्तीची विणकामे घ्यायला सुरुवात केली होती.

सरांनी बैठकीखाली पोत्याची घडी घातली, धोटा ओढायच्या दोरीची गाठ खाली आणली, खांद्याचे व्यायाम करून घेतले. निघताना बाबा म्हणाले, "करीन जी." करतील की नाही, कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले. उमरेडपासून नागपूरपर्यंत मी मांडीवरच्या पिशवीवर वाकून बसले होते. सर एकदाही "पाठ" म्हणाले नाहीत.