आत्या दहिसरला गेली ती संध्याकाळ

१९८५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी अंधेरीतल्या आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढे दिवा लागला नाही. तो लावणारी माझी आत्या त्या दुपारी दहिसरला, आपल्या मुलीकडे राहायला गेली होती.

आळी जुन्या गावठाणातली. आम्ही मूळचे तिथलेच, पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, घरात मराठी बोलणारे. बाहेर कारखाने आणि सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, पण आत शिरलं की कौलं, चिकूची झाडं, एक विहीर आणि वळणावर तो पांढरा क्रूस. विमानतळ जवळ होता. संध्याकाळी विमानं इतकी खालून जात की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलू लागे. त्या थांबलेल्या क्षणात आळी पाण्याखाली गेल्यासारखी दिसे. विहिरीवर बादली वर येई, अंगणात कुणीतरी हसे, आणि कशाचाच आवाज नसे. ऊन तेव्हा पिवळं असे. आजही त्या आळीची आठवण झाली की ती मला आधी मुकी दिसते, मग हळूहळू बोलू लागते.

क्रूस माझ्या पणजोबांनी प्लेगच्या साथीत बांधला, असं घरात सांगत. चबुतऱ्यावर साल कोरलेलं होतं, पण त्यावर चुन्याचे इतके हात बसले होते की ते वाचता येत नसे. साथ घराला शिवली नाही तर क्रुसापुढे रोज तिन्हीसांजेला दिवा लागेल, असा पणजोबांचा नवस होता. याचा कागद नाही. दिवा मात्र होता: काचेची पेटी, आत तेलाचा पेला आणि वात.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतरही ती आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहिली. तिचा नवरा मरोळच्या एका कारखान्यात होता. दिवा तिच्याकडे तिच्या आजीकडून आला. मी शाळेत असताना एकदा ती गोराईला लग्नाला गेली आणि दिव्याचं काम भावावर, म्हणजे माझ्या वडिलांवर सोपवून गेली. वडील फुटबॉलचा सामना बघायला गेले आणि विसरले. त्याच रात्री आत्याचा नवरा कारखान्यात पाळीवर असताना कोसळला. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला.

आत्याने भावाला एकदाही दोष दिला नाही. तिने फक्त दिवा पुन्हा त्याच्या हाती दिला नाही. कुणाच्याच दिला नाही. त्यानंतर तिन्हीसांजेला ती आळीच्या बाहेर कधी नव्हती. तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न दहिसरला झालं, तेव्हा केक कापायच्या आधी ती उठून अंधेरीला परत आली. शेजारचा म्हातारा व्हायोलिनवाला तिला चिडवायचा, "विमानवाले तुझा दिवा बघून उतरतात वाटतं गो. एक दिवस नाय लावलास तर पायलटची वाट लागंल." सगळे हसत. आत्याही हसे, आणि वात पुढे सरकवे.

१९८५ मध्ये त्या मुलीला दिवस गेले होते. आधी दोनदा मूल टिकलं नव्हतं. या वेळी डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं. सासू नव्हती, नवरा पाळीवर जाणारा. झोपून राहण्याआधी ती एकदा रिक्षाने आली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. आत्या सुकट निवडत होती.

"आई, तू ये. मला पाणी द्यायला पण कोण नाय."

"येते ना गो. रोज सकाळी येईन, दुपारची परत."

"आणि रात्री?"

"रात्री जावई हाय ना."

"त्याला रात्रपाळी असते. तुला ठाऊक हाय."

आत्याने सुपातलं काहीतरी उचलून टाकलं. "दिवा हाय," ती म्हणाली.

"मग त्या दिव्यालाच आई बोलते मी."

माझी आई चुलीपाशी होती. आत्याला ती बाय म्हणे. "बाय, मी लावते की. मी कुठं जाते संध्याकाळची?"

"सगळे लावतातच," आत्या म्हणाली. "एक दिवस सोडून."

वडील दाराशी बसले होते. ते उठून बाहेर गेले. मुलगी थोड्या वेळाने गेली. त्या रात्री जेवताना आत्या माझ्या आईला एवढंच म्हणाली, की दिवा एकदा चुकला तर नवरा गेला, आता चुकला तर पोटातलं जाईल. सकाळी ती भाजी आणि पेज घेऊन दहिसरला जाऊ लागली आणि दुपारी उन्हात परत येऊ लागली. एकदा तिथून निघताना मुलीला रक्त दिसलं होतं. तरीही ती आली. दिवा लावला, आणि नंतर बराच वेळ काचेच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

ती फादरांकडेही जाऊन आली. फादर भला माणूस होता. दिवा चुकणं पाप नाही, कुणालाही लावायला सांगा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन चपला काढताना आत्या म्हणाली, "पाप नाय ते मला पण ठाऊक होतं. भीती हाय तिचं काय करायचं, ते नाय सांगितलं."

मे महिन्यात गावठाणातल्या प्रत्येक क्रुसाची एक संध्याकाळ ठरलेली असे. त्या दिवशी क्रुसाला झेंडूची माळ, मेणबत्त्या, आणि सगळे मिळून लदीन म्हणत. लदीन म्हणजे लांबलचक प्रार्थना: पुढे म्हणणारा एकेक हाक म्हणतो, बाकीचे तेच ते उत्तर देतात. ती लॅटिनमध्ये असे. आमच्याकडे पुढे म्हणणारी आत्या. तिला ती आजीकडून तोंडपाठ आली होती. अर्थ आजीलाही ठाऊक नव्हता. लॅटिन शब्द आत्याच्या तोंडात इतके घासले गेले होते की ते आमच्याच बोलीतले वाटत. व्हायोलिन सुरू झालं, आत्याचा आवाज चढला, की लहान मुलं अर्धवट झोपेत जात. मीही त्या आवाजात झोपलो आहे. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत.

त्या वर्षी देवळातून, म्हणजे चर्चमधून, लदिनीचे मराठी कागद आले. कुणावर सक्ती नव्हती. व्हायोलिनवाला म्हणाला, "मराठीत बोललं तर वर पोचंल काय?"

आत्या म्हणाली, "देव लॅटिन शिकला, त्याला मराठी जड जाणार हाय?"

पण छापलेलं बारीक अक्षर तिला दिसत नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, रात्रपाळीला. दुपारी घरी असे. आमच्या क्रुसाची संध्याकाळ होती त्या दिवशी दुपारी ती माझ्यापुढे ओट्यावर बसली आणि म्हणाली, "वाच. एक एक ओळ. मी पाठ करते."

मी वाचत गेलो, ती मागोमाग म्हणत गेली. ऊन चिकूच्या झाडातून खाली येत होतं. काही हाकांना ती हसली: इतकी वर्षं ती कुणाला काय म्हणत होती ते तिला तेव्हाच कळत होतं. शेवटाकडे देवाच्या कोकराला हाक आहे, जगाचं पाप उचलून नेणाऱ्या. ती तीनदा येते. पहिल्यांदा मी वाचली तेव्हा आत्या मागून बोलली नाही.

"थांब. हे आधी होतं?"

"लॅटिनमध्ये हेच आहे."

"मी बोलते तेच?"

"तेच."

"तीनदा?"

"तीनदा."

वरून विमान गेलं. ती काहीतरी बोलत होती; मला ओठ दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. आवाज विरला तेव्हा ती अजून बोलतच होती.

"...त्यानं उचललं, असं मीच सगळ्या लोकांपुढं बोलत होते. इतकी वर्षं. आणि बोलून झालं की घरी येऊन सगळं परत आपल्या डोक्यावर घेत होते." तिने पदराने मान पुसली. "पाप नेलं. मग राखण कुणाकडं दिली? दिव्याकडं? का ती पण त्याच्याकडंच हाय?"

मी कागदावरची ओळ बोटाखाली धरून ठेवली.

"वाच पुढं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने लदीन मराठीतच म्हटली. चाल जुनी, शब्द नवे, त्यामुळे ती दोन ठिकाणी अडखळली आणि व्हायोलिन पुढे गेलं. लोकांनी कोणी मराठीत, कोणी लॅटिनमध्ये उत्तर दिलं. कोकराच्या हाकेला तिचा आवाज चढला नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा खाली आला. मेणबत्त्या वाऱ्याने एका बाजूला झुकल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या बायकांना लदीन संपली असंच वाटलं.

चणे वाटून झाल्यावर वडील चबुतऱ्यावरचं मेण खरवडत होते. आत्या त्यांच्याजवळ गेली.

"मी उद्या जाते पोरीकडं. राहायला."

वडिलांनी मान वर केली नाही. "दिवा?"

"तुला वाटलं तर लाव. भीतीनं नको लावू." मग ती म्हणाली, "त्या दिवशीचं तुझ्यामुळं काय झालं नाय रे. मी तुला कधी बोलले नाय, पण बोलल्यासारखंच ठेवलं. बास झालं आता."

वडील थोडा वेळ मेण खरवडत राहिले. नंतर विहिरीवर गेले आणि त्यांनी तोंड धुतलं. मी त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याबरोबर बसने दहिसरला गेलो. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि मसाल्याची बाटली होती. हायवेवर झोप येईल असा वारा होता. ती खिडकीतून बघत होती: बोरिवलीपलीकडचे डोंगर, मोकळी रानं, नव्या इमारतींचे सांगाडे. "इकडं इतकं सगळं हाय होय," ती म्हणाली. सकाळी येताना तिने कधी बाहेर बघितलं नव्हतं.

मुलगी नदीजवळच्या एका चाळीत राहत होती. ऊन उतरू लागलं तशी आत्या एकदा उठली, दारापर्यंत गेली, रिकामे हात बघितले आणि परत येऊन मुलीच्या पायाशी बसली. मुलीने विचारलं, "जातेस?"

"नाय गो. पाय जरा वर घे." ती पाय दाबू लागली. प्रार्थना तिने मोठ्याने केली, तिच्या नेहमीच्या प्रार्थनांच्या मानाने फारच लहान: "देवा, तू हायस. तेवढं पुरे."

मी अंधार पडल्यावर आळीत पोचलो. क्रूस दिसत होता. दिवा नसल्यामुळे आधीपेक्षा उंच आणि पांढरा. चबुतऱ्यावर वडील बसले होते. काड्यापेटी त्यांच्या खिशात होती, असं आई नंतर म्हणाली. मी ती पाहिली नाही. ते मला म्हणाले, "पोचली?" मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात मुलीला पुन्हा रक्तस्राव झाला आणि तिला बोरिवलीतल्या एका प्रसूतिगृहात ठेवलं. आळीत बोलणं सुरू झालं. व्हायोलिनवाला स्वतः प्रसूतिगृहात गेला. तो आत्याला म्हणाला, "चल गो घरी. एक दिवा लाव आणि ये परत. उगाच जिवाशी खेळ कशाला?"

आत्या म्हणाली, "लावला आणि पोर वाचली, तर मी परत जन्मभर दिव्याचीच. नाय लावला आणि गेली, तरी ती देवाकडंच जाईल. मी घाबरत नाय असं नाय. पण मी इथनं हलणार नाय. तू आलायस तर बस, प्रार्थना कर."

तो बसला. त्याने त्याला येत होती ती लॅटिन प्रार्थना म्हटली. आत्या त्याला उत्तर देत राहिली. हे त्यानेच आळीत येऊन सांगितलं आणि मुलीनेही तसंच सांगितलं.

रक्त थांबलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि विश्रांती सांगितली. ऑगस्टमध्ये, तारखेच्या आधीच, तिला मुलगी झाली. बाळाचं वजन कमी होतं आणि ते पहिले काही दिवस नीट दूध ओढत नव्हतं. नंतर ओढू लागलं. घरी सोडलं त्या दिवशी मी रिक्षा आणायला गेलो होतो. बाळ आईच्या कुशीत होतं. पलीकडे बसलेल्या आत्याला बोरिवली सोडायच्या आतच झोप लागली. दहिसरला रिक्षा थांबली तेव्हा तिन्हीसांज होऊन गेली होती. मुलीने मला बोट ओठावर ठेवून खूण केली, आणि आम्ही आत्याला उठवलं नाही.