साडीगार्ड लावलेली डर्ट बाईक

ती फिर्याद मला आजही शब्दांसकट आठवते. "साहेब, आमच्या मालकांच्या गाडीला दंड आलाय. मालक जाऊन तीन वर्षं झाली आणि गाडी भंगारात जाऊन दोन." एवढं बोलून समोरच्या बाईंनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरी घेऊन उभा होता. बाई पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला जात. त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. ज्या मोबाईलवर चलनाचा मेसेज आला होता तो त्यांच्या नवऱ्याचा. माणूस गेल्यावरही त्यांनी तो चालू ठेवला होता.

"कशासाठी?" मी विचारलं. पोलिसाला नको तिथे नको ते विचारायची सवयच असते.

"त्यांना कोणी फोन केला तर उचलायला कोणीतरी पाहिजे ना, साहेब."

मी संगणकावर चलनाचा फोटो उघडला. पेठ रोडचा सिग्नल, सकाळची वेळ. उंच, सडपातळ गाडी, खडबडीत दातेरी टायर. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली लुगड्यातली म्हातारी, तिच्या डोक्यावर फक्त पदर. दंड त्याचाच होता. नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता आणि तो बाईंच्या नवऱ्याच्या गाडीचा होता.

"ही आमची गाडी नाही. आमची बुटकी होती," बाई म्हणाल्या. मी फोटो मोठा केला. त्या खुर्चीतून पुढे वाकल्या आणि बराच वेळ म्हातारीकडे बघत राहिल्या. मग मोबाईल उचलून पिशवीत टाकला. "राहू द्या साहेब. चुकून झालं असेल. मला तक्रार नाही करायची."

नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. फोटो बघेपर्यंत तावातावाने बोलणारा फिर्यादी फोटो बघून गप्प झाला, की समजावं, ओळख पटली. मी चहा मागवला, गोडीगुलाबीने विचारलं, थोडा आवाजही चढवला. बाई बधल्या नाहीत. चहा मात्र पूर्ण प्यायल्या आणि गेल्या.

प्रकरण तिथेच सोडता आलं असतं, पण खोट्या नंबरची गाडी ही साधी गोष्ट नाही. गळ्यातली सोनसाखळी ओढणारे असल्याच गाड्या वापरतात. मी आमच्या जुन्या हवालदाराला बोलावलं. फोटो पाहून तो म्हणाला, "साहेब, ही डर्ट बाईक हाय. मातीत शर्यती खेळतात ती. हिला दिवा नसतो, हॉर्न नसतो, आरसा नसतो. रस्त्यावर आणायचीच नसते. चोरीची असणार."

"पण हिला तर दिवा आहे, दोन्ही बाजूंना इंडिकेटर आहेत, आरसे आहेत. आणि हे बघा." मागच्या चाकाशेजारी लोखंडी जाळी होती. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून लावतात ते साडीगार्ड. खाली पाय ठेवायला रुंद फळी, आणि पाठ टेकायला उशी शिवलेला दांडा. "चोर साडीगार्ड कशाला लावेल?"

हवालदाराने डोकं खाजवलं. पण माणूस हुशार. दोन दिवसांत त्याने शहरातल्या कॅमेऱ्यांतून त्या नंबरच्या साऱ्या नोंदी काढून आणल्या. गाडी फक्त सोमवारी आणि गुरुवारी शहरात येत होती. सकाळी आत, दुपारनंतर बाहेर. मी गुन्हेगारी टोळ्यांचे तर्क लढवायला लागलो, तर तो हळूच म्हणाला, "साहेब, माझी बहीण सोमवार-गुरुवार डायलिसिसला जायची. ती होती तोवर आमच्या घरात आठवड्याला दोनच वार होते."

गुरुवारी आम्ही दोघे साध्या कपड्यांत सरकारी दवाखान्याच्या आवारात जाऊन थांबलो. गाडी आली. चालकाने आधी म्हातारीला उतरवलं, लुगड्यावरची धूळ झटकली आणि तिचा हात धरून आत नेलं. परत येऊन तो फडक्याने चाकांचा चिखल पुसायला बसला, तेव्हा आम्ही समोर उभे राहिलो. चाळिशीतला माणूस, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट. आम्ही कोण ते सांगितल्यावर तो पळाला नाही. फडकं घडी करून सीटवर ठेवलं.

"आईला आत्ताच सुया लावल्यात साहेब. चार तास लागतील. तेवढं होऊ द्या, मग कुठं न्यायचं तिथं न्या."

मी आयुष्यात शेकडो जबाब घेतले. दवाखान्याच्या बाकावर, आतल्या यंत्राची घरघर ऐकत घेतलेला तो एकच.

तो अंबडला एका कारखान्यात फिटर. गाव पेठ तालुक्यातला डोंगरातला पाडा. डांबरी रस्त्यापासून पाडा चार किलोमीटर वर, मधली वाट नुसत्या दगडांची. पूर्वी आईला घोंगडीच्या डोलीतून चौघे खाली आणत. "पण दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं निफाडकडं द्राक्षाच्या कामाला जातात साहेब. डोलीला चार खांदे गावात उरत नाय. साधी गाडी दगडात घसरते. एकदा आईला घेऊन पडलो. त्या वारी डायलिसिस चुकलं, तर लय सुजली, श्वास लागला. डॉक्टर बोलले, परत चुकवू नका."

"तिला अंबडला तुमच्याकडे का ठेवत नाही?"

"ठेवली होती. जेवायची बंद झाली. म्हणे, इथं मला नावानं हाक मारणारं कोण हाय?"

मग कारखान्याजवळच्या एका गॅरेजमध्ये त्याला ही गाडी दिसली. शर्यतीत मोडलेली, मालकाला नकोशी. त्याने ती रीतसर लिहून घेतली. तो कागद त्याच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. हवालदाराने चेसिस नंबर पाहिला. कुठेही घासलेला नव्हता. आरटीओबाहेर बसणाऱ्या एका एजंटाकडून त्याने रस्त्यावरच्या गाडीला काय काय लागतं त्याची यादी करून आणली होती, आणि पाळ्या सांभाळून एकेक वस्तू बसवून तिच्यावर काट मारली होती. दिवा, मागचा लाल दिवा, हॉर्न, आरसे, मागे धरायला कडी. साडीगार्ड त्याने स्वतः वेल्डिंग केलं होतं. पहिलं पसंत पडलं नाही म्हणून दुसरं केलं.

"आणि नंबर?" मी विचारलं.

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "नंबर दादाचा हाय. माझा थोरला भाऊ. दादा गेला तर सातबाऱ्यावर आमी वारस लागलो, वहिनी आणि मी. गाडी मोडली, पण नंबर तर घरातच राहिला ना? पाटी मी जपून ठेवली होती. सगळ्या वस्तू बसवल्यावर वारसाची पाटी लावली."

मी त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. ते माझं कामच होतं. लबाडी नव्हती. जमिनीसारखा नंबरही वारसाला येतो, असं तो मनापासून धरून चालला होता. वहिनीला विचारलं का, म्हटल्यावर मात्र मान खाली घातली. "वहिनी बोलत नाय आमच्याशी. दादा गेला तवा आई तिला बोलली, तू शहरात नेलंस न माझा पोर घालवलास. कावीळ झाली होती त्याला. वहिनीचा काय दोष? पण त्या दिवसापासून ती पाड्यावर आली नाय."

मग बाई फोटो पाहून का उठल्या, ते मला कळलं. मी जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यांना फोन लावला, दिराचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "बाई, कायद्याने मला गाडी जप्त करावी लागेल. आज संध्याकाळी तुमच्या सासूबाई घरी कशा जातील ते मला माहीत नाही." पलीकडून बराच वेळ नुसता पॅकहाउसमधला आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला. मला वाटलं, विषय संपला.

आरटीओचे निरीक्षक माझ्या विनंतीवरून गाडी बघायला आले. त्यांनी प्रत्येक वस्तू तपासली, हॉर्न वाजवला, साडीगार्डवरून दोनदा हात फिरवला. "काम कंपनीच्या तोडीचं आहे," ते म्हणाले. फिटरच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "पण हिला नंबर मिळणार नाही. ही गाडी बनवणाऱ्यानेच रस्त्यासाठी मंजूर करून घेतलेली नाही. दिवा तुम्ही बसवलात. ती मंजुरी तुम्हाला बसवता येणार नाही."

फिटरने खिशातली यादी काढली. सगळ्या ओळींवर काट होती. त्याने ती पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, कुठे काही राहिलं का ते बघायला. त्या क्षणी मला माझ्या वर्दीचा कंटाळा आला, हे प्रामाणिकपणे लिहितो.

पंचनामा केला. दोन पंचांच्या सह्या घेतल्या. खोट्या नंबरचा गुन्हा नोंदवला. तो नोंदवायलाच हवा होता. एका माणसाचं दुःख खरं म्हणून रस्त्यावर कोणाचाही नंबर कोणीही लावू लागला, तर माझ्यासारख्याने घरी बसावं. यंत्रावरून उठलेली म्हातारी भिंतीला धरून बाहेर आली आणि तिने मुलाला विचारलं, "गाडी कुठं?" फिटरने तिला बाकावर टेकवलं.

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून बाई आत आल्या. पॅकहाउसचा एप्रन तसाच अंगावर होता. सासूसमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हातारीने वर पाहिलं आणि तिचे ओठ हलू लागले. बाईंनी तिला बोलू दिलं नाही. "चला आत्या, माझ्याकडं चला. खोलीला जिना नाही," एवढंच म्हणाल्या आणि तिच्या काखेत हात घातला. मी आणि हवालदार उगाचच कागदांची जुळवाजुळव करत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते कनिष्ठाला दिसू नयेत एवढीच माझी धडपड होती. त्याचं नाक लाल झालेलं मी पाहिलं, हे त्याला मी कधी सांगितलं नाही.

फिटरने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, परत मागितली तेव्हा मी हरकत घेतली नाही. अट एकच, सार्वजनिक रस्त्यावर ती आणायची नाही. मग पाड्याच्या वाटेचं काय, असा प्रश्न आला. मी नोंदी मागवल्या. ती चार किलोमीटरची वाट कोणत्याही सरकारी नकाशात रस्ता म्हणून नव्हतीच. गावाने वर्षानुवर्षं अर्ज करूनही तिथे रस्ता झाला नव्हता. त्या नाकर्तेपणाचा कोणाला उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला. कायद्याचे जाणकार यावर वाद घालू शकतील. त्यांनी एकदा ती वाट चढून यावं आणि मग घालावा.

गाडी परत मिळाल्यानंतरच्या एका गुरुवारी मी माझ्या गाडीने पेठकडे गेलो. रजा टाकली होती. गाडी परत मिळेपर्यंत सुनेकडे राहिलेली म्हातारी आता पाड्यावर परतली होती. डांबर जिथे संपतं तिथे बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. बुधवारीच वर जाऊन मुक्काम केला होता आणि पहाटे पायी पुढे उतरल्या होत्या. पॅकहाउसला मजूर नेणाऱ्या जीपवाल्याला सांगून त्यांनी पुढची सीट राखून ठेवली होती. सोमवार-गुरुवारची सुटीही मागून घेतली होती.

दगडांतून गाडी उतरत आली. फिटरने ती डांबराच्या हातभर अलीकडे बंद केली. पुढचं चाकही डांबराला लागू दिलं नाही. सुनेने सासूला उतरवून घेतलं, पदर सारखा केला. म्हातारीला दवाखान्यातला मी आठवत नव्हतो, तिला परका माणूस उभा दिसला. "हा कोण?" तिने विचारलं.

"आपली गाडी धरली ना आई, तो साहेब," फिटर ओशाळून म्हणाला.

ती माझ्याजवळ आली. काठी सुनेच्या हातात देऊन तिने माझे दोन्ही हात धरले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. आमच्या खात्यात ती ठेवावीच लागते.

माझ्या हातून कायद्याप्रमाणे जे झालं त्याने त्या घराचं भलं झालं, असं मी म्हणणार नाही. भलं त्यांचं त्यांनीच केलं. मला त्या प्रकरणाने एवढंच शिकवलं, की गुन्हा नोंदवून झाला की माणसाने लगेच पाठ फिरवू नये. त्या घरात संध्याकाळी काय होणार, हा प्रश्न आपल्या टेबलावर नसला तरी आपलाच असतो. पुढे नोकरीत जमेल तेवढं तसं वागलो. सगळ्यांच्या बाबतीत जमलं नाही.

म्हातारीने हात सोडले नव्हते. "बेस झाला बाबा, गाडी धरलीस," ती म्हणाली. "माझी सून घरी आली."